कलामारीचा भाव कुठे ठरतो?

स्पेनमधलं व्हिगो हे युरोपातलं मोठं मासळी बंदर. तिथे उतरणारा बराचसा स्क्विड, म्हणजे आपलं कोकणातलं म्हाकूळ, युरोपच्या समुद्रातला नसतोच. तो येतो थेट दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांजवळून, बोटीवरच गोठवलेला. माद्रिदच्या हॉटेलात तळलेल्या कलामारीच्या, म्हणजे याच स्क्विडच्या, बशीमागचं बरंचसं गणित त्या थंड पाण्यात आहे.

हा स्क्विड जेमतेम वर्षभर जगतो. अंडी घातली की संपला. कॉडसारख्या माशाच्या थव्यात दोन, चार, सात वर्षांची मासळी एकत्र असते. एखादी वीण फसली तरी बाकीच्या वयाची मासळी साठा सावरते. स्क्विडच्या बाबतीत मागच्या वर्षीची शिल्लक नसते. पाण्याचं तापमान बदललं, पिल्लांना खाद्य कमी पडलं, की पुढचा हंगामच रिकामा.

म्हणून फॉकलंडमध्ये शास्त्रज्ञ आधी पाहणी करतात आणि हंगाम सुरू झाल्यावर ट्रॉलरांचे रोजचे आकडे तपासतात. अमुक इतके टन काढल्यावर तासाला मिळणारा माल किती घसरला, यावरून पाण्यात मुळात किती होता आणि आता किती उरला याचा अंदाज बांधतात. विणीसाठी निदान 10,000 टन मागे राहायला हवेत. तेवढे राहणार नाहीत असं दिसलं की मासेमारी बंद. 2024 मध्ये वर्षातल्या दोन हंगामांपैकी दुसरा सुरूच झाला नाही. माझ्या मते हे धाडसाचं काम आहे, कारण बेटांचं मोठं उत्पन्न याच धंद्यावर चालतं.

भावात राजकारणही आहेच. ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडतानाच्या, करारात ब्रिटनच्या ताब्यातलं फॉकलंड बाहेर राहिलं आणि 2021 पासून तिथल्या स्क्विडवर युरोपीय संघात 6 टक्के आयातशुल्क लागू झालं.

व्हिगो ज्या भागात आहे त्या गॅलिशियाच्या किनाऱ्यावर मात्र वेगळाच बाजार. तिथे गळाने, एकेक करून धरलेला स्क्विड जाळ्यातल्यापेक्षा महाग विकला जातो. कातडीतल्या रंगाच्या बारीक पिशव्या शाबूत राहतात, ठिपके चमकतात. जाळ्यात घासून तीच कातडी सोलवटते.

आणि स्वस्तातल्या गोल रिंगा? त्या पुष्कळदा पॅसिफिकमधल्या अजस्र हम्बोल्ट स्क्विडच्या जाड मांसातून कापलेल्या असतात. त्याच्या मांसात अमोनियाची संयुगं असतात, म्हणून आंबट-कडवट चव घालवायला ते आधी धुऊन घ्यावं लागतं. ताज्या किंवा नुसत्या गोठवलेल्या मालावर जातीचं शास्त्रीय नाव छापणं युरोपात बंधनकारक आहे. पीठ लावून पाकिटात भरलेल्या रिंगांना तो नियम लागत नाही.