ईजीआर व्हॉल्व्हमधील विद्युत दोषांचे निदान

मोटारीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंपैकी थोडा भाग पुन्हा इंजिनाच्या सेवन-नलिकेत सोडणारी झडप म्हणजे ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) व्हॉल्व्ह. ही झडप हलवणारी कॉइल किंवा मोटर, ती किती उघडली हे कळवणारा सेन्सर, या दोघांच्या वायरी, मधले कपलर (वायरींचे जोड) आणि हुकूम देणारा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, अशी ही एक साखळी असते. त्या साखळीतला तुटलेला दुवा मोजमाप करून शोधणे, हे विद्युत दोषनिदान. पुष्कळ ठिकाणी हे काम व्हॉल्व्ह बदलूनच उरकले जाते. नवा व्हॉल्व्ह चालला तर निदान बरोबर ठरते आणि नाही चालला तर ईसीएमवर खापर फुटते. याला अंदाज म्हणता येईल, निदान नव्हे.

जळालेला वायू सिलिंडरमध्ये परत आला तरी पुन्हा जळत नाही. तो नुसती उष्णता शोषतो आणि ज्वलनाचे कमाल तापमान उतरवतो. साधारण १३७० अंश सेल्सिअसच्या वर हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावतो व नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. ती कमी करण्यासाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी मोटारींत ही यंत्रणा आली. तेव्हाचे व्हॉल्व्ह इंजिनाच्या निर्वातावर चालत आणि त्यांतल्या अनेकांना एकही वायर नसे. दोष म्हणजे फाटलेला पडदा किंवा साचलेली काजळी, एवढेच. झडपेला वायरी जोडल्या गेल्यावर विजेचे प्रश्न आले.

प्रकार : मीटर हातात घेण्याआधी समोरचा व्हॉल्व्ह कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे लागते, कारण एका जातीची चाचणी दुसरीला मारक ठरू शकते. निर्वातावर चालणाऱ्या व्हॉल्व्हला स्वतःची कॉइल नसते. निर्वात सोडणारी किंवा अडवणारी सोलेनॉइड वेगळी बसवलेली असते आणि विजेचा दोष तिच्याकडे शोधायचा असतो. रेषीय व्हॉल्व्हमध्ये कॉइल आणि स्थिती-सेन्सर एकाच खोक्यात असतात व कपलरला पाच पिना असतात. दोन पिना कॉइलच्या आणि तीन सेन्सरच्या. स्टेपर मोटरच्या व्हॉल्व्हमध्ये अनेक कॉइली असतात. त्यांचा रोध एकमेकींशी जुळला पाहिजे, आणि एकच वेगळी निघाली तर मोटर गेली असे समजावे. अलीकडच्या डिझेल इंजिनांवर बहुधा डीसी मोटर आणि चुंबकीय क्षेत्रावरून स्थिती ओळखणारा हॉल सेन्सर असतो. तिथेही पाच पिना दिसतात, पण मोटरच्या दोन्ही वायरी ईसीएमकडे जातात आणि झडप उघडताना व मिटताना त्यांची ध्रुवता उलटते. काही नव्या व्हॉल्व्हमध्ये छोटा नियंत्रक आतच बसवलेला असतो व तो ईसीएमशी डेटा वायरीवरून बोलतो. त्याच्या पिनांवर थेट बॅटरी लावणे म्हणजे तो जाळणे.

कोडचा अर्थ : अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या वाहनाच्या स्वनिदान पद्धतीने ईजीआरचे कोड, म्हणजे ईसीएम नोंदवतो ते दोष-क्रमांक, प्रमाणित केले. पी ०४०३ हा नियंत्रण सर्किटचा कोड आहे. पी ०४०४ म्हणजे हुकूम आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ नाही. पी ०४०५ म्हणजे सेन्सरचा सिग्नल अपेक्षेपेक्षा खाली, पी ०४०६ म्हणजे वर. पी ०४८९ आणि पी ०४९० हे नियंत्रण सर्किटचे व्होल्टेज अनुक्रमे कमी आणि जास्त असल्याचे सांगतात. पी ०४०१ व पी ०४०२ मात्र वायूच्या वाहाबद्दल आहेत आणि त्यांचे मूळ बहुतेक वेळा काजळीत सापडते. कोड सर्किटचे नाव घेतो, सुट्या भागाचे नव्हे. ‘पी ०४०६ आला, सेन्सर गेला’ हे वाक्य गॅरेजात सर्रास ऐकू येते. पण तीन वायरींच्या पोटेन्शिओमीटर सेन्सरची (यात पट्टीवर सरकणारा संपर्क व्होल्टेज बदलतो) नुसती अर्थची, म्हणजे ऋण बाजूची, वायर तुटली, तरी सिग्नल ५ व्होल्टकडे चढतो आणि हाच कोड उमटतो. सेन्सर ठणठणीत असतो.

कोड पुसण्याआधी त्यासोबत साठवलेली नोंद, म्हणजे दोष नोंदवला गेला तेव्हाचा वेग, तापमान, भार आणि बॅटरीचे व्होल्टेज, उतरवून घ्यावी. दोष नेहमी इंजिन तापल्यावरच येत असेल तर निम्मी वाट तिथेच सापडते. बॅटरी अशक्त असेल तर आधी ती सुधारावी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळत नसतील तर पुढच्या कोणत्याही आकड्यावर विसंबता येत नाही.

सेन्सरची बाजू : स्कॅनरवर, म्हणजे ईसीएममधले कोड व आकडे वाचणाऱ्या उपकरणावर, व्हॉल्व्हच्या स्थितीचा आकडा लावून ठेवायचा आणि कपलर काढायचा. इतकी स्वस्त आणि इतके सांगणारी दुसरी चाचणी या कामात नाही. बऱ्याच ईसीएममध्ये सिग्नलची वायर सुटी पडली की आकडा शून्यावर जातो, काहींत ५ व्होल्टवर. पी ०४०६ असलेल्या गाडीत कपलर काढताच आकडा वरून खाली पडला, तर सिग्नलची वायर कुठल्या व्होल्टेजला चिकटलेली नाही आणि ईसीएम बदल ओळखतो आहे. मग संशय सेन्सरवर आणि त्याच्या अर्थवर उरतो. पी ०४०५ असेल तर कपलरमध्ये ५ व्होल्टची पिन व सिग्नलची पिन एका छोट्या रोधातून जोडून पाहावी. आकडा ५ च्या जवळ गेला तर त्या दोन वायरी आणि ईसीएम शाबूत आहेत, दोष व्हॉल्व्हमध्ये. हलला नाही तर ५ व्होल्ट मुळात कपलरपर्यंत पोहोचतात का ते मोजावे.

हे ५ व्होल्ट अनेकदा सामाईक असतात. एकाच पुरवठ्यावर थ्रॉटलचा सेन्सर, दाबाचा सेन्सर आणि ईजीआर पोसले जातात. ईजीआरचा सेन्सर आतून शॉर्ट झाला की बाकीचे सेन्सरही एकदम खोटे बोलू लागतात, गाडी ओढत नाही आणि स्कॅनरवर चार-पाच कोडांची गर्दी होते. अशा वेळी एकेक कपलर काढत जावे. ज्याचा काढल्याबरोबर ५ व्होल्ट परत येतात तो अपराधी.

पोटेन्शिओमीटर सेन्सरमध्ये झडप मिटलेली असताना साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतो आणि उघडत जाईल तसा तो वाढतो. काही सेन्सर उलट दिशेनेही चालतात. झडप बराच काळ मिटलेलीच राहत असल्यामुळे पट्टी तिथेच जास्त घासते व त्याच जागी सिग्नल मधूनच तुटतो. साध्या मीटरला अशी क्षणिक तूट बहुधा दिसत नाही, व्होल्टेजचा आलेख काढणाऱ्या ऑसिलोस्कोपवर ती खाच म्हणून उमटते. हॉल सेन्सरची परीक्षा ओहममध्ये घेऊ नये. त्याला वीज देऊन सिग्नलच पाहावा लागतो.

कॉइलची बाजू : रेषीय व्हॉल्व्हच्या अनेक कॉइलींचा रोध ८ ते १० ओहमच्या आसपास भरतो, तरी खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच मानावा. मोजमाप थंड इंजिनावर करावे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २० अंशाला ८ ओहम दाखवणारी कॉइल १२० अंशाला ११ ओहम दाखवते आणि नवशिक्याला ती बिघडलेली वाटते. याउलट रोध फार कमी आला तर कॉइलचे वेढे आपसात शॉर्ट झाले आहेत. अशी कॉइल ईसीएममधला ट्रान्झिस्टर जाळू शकते. म्हणून नवा ईसीएम बसवण्याआधी कॉइल मोजलीच पाहिजे, नाहीतर तोही त्याच वाटेने जातो.

फसवणूक मात्र पुरवठ्याच्या वायरीत होते. मीटरने १२ व्होल्ट दाखवले म्हणजे वायर चांगली, हा समज या क्षेत्रातला सर्वांत महागडा समज असावा. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. तो वायरीतून इतका क्षुल्लक प्रवाह घेतो की एका तंतूवर लटकलेली किंवा पिनेला हिरवा गंज चढलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते. समजा गंजामुळे वाटेत ५ ओहमचा रोध आला आहे. मीटरवर १२.६ व्होल्टच दिसतील. पण ८ ओहमची कॉइल जोडली की एकूण १३ ओहम होतात, प्रवाह एक अँपिअरही भरत नाही आणि कॉइलला जेमतेम पावणेआठ व्होल्ट मिळतात. झडप अर्धवट उचलते. यावर उपाय म्हणजे भार टाकून मोजणे. कपलरच्या पुरवठा-पिनेवर २१ वॅटचा दिवा जोडावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणजे जवळजवळ कॉइलइतकाच. दिवा भक्क पेटला तर वाट मोकळी. मिणमिणला तर दिवा तसाच जोडलेला ठेवून बॅटरीपासून कपलरपर्यंत टप्प्याटप्प्याने व्होल्टेजची घट मोजत जावे. चांगल्या अर्थमध्ये ती ०.१ व्होल्टच्या वर जात नाही. हा दिवा ५ व्होल्टच्या वायरीला किंवा ईसीएमच्या नियंत्रण-वायरीला कधीही लावू नये.

नियंत्रण-वायरीवर ईसीएम सतत वीज देत नाही, तो ती झपाट्याने चालू-बंद करतो. साधा मीटर त्याची सरासरी दाखवतो. तिच्यावरून हुकूम जातो आहे एवढे कळते, तो नीट जातो आहे का हे कळत नाही. सोलेनॉइडचा प्रवाह तुटताक्षणी ऑसिलोस्कोपवर उंच व्होल्टेजचा काटा दिसला पाहिजे. तो खुजा असेल तर वेढे शॉर्ट असल्याचा संशय घ्यावा. मात्र काही सर्किटांत डायोड तो मुद्दाम दाबून टाकतो.

स्कॅनरवरून झडप उघडण्याचा हुकूम देऊन पाहणे ही विजेची आणि यंत्राची बाजू वेगळी करणारी परीक्षा आहे. आयडलिंगवर पेट्रोल इंजिनाची झडप उघडली की इंजिन अडखळायला हवे. डिझेलमध्ये तितके जाणवत नाही, तिथे हवामापक सेन्सरचा आकडा उतरतो का ते पाहावे, कारण परतलेला वायू ताज्या हवेची जागा घेतो. इंजिन अडखळले पण स्कॅनरवर स्थिती बदलली नाही, तर सेन्सरची बाजू चुकते आहे. स्थिती बदलली आणि इंजिनाला काहीच वाटले नाही, तर वायूची वाट काजळीने बुजली आहे आणि मीटर बाजूला ठेवावा. दोन्ही घडले नाही तर कॉइल, वायर, हुकूम किंवा अडकलेली झडप यांपैकी काहीतरी.

पी ०४०४ याच सीमेवर उभा आहे. काजळीने जड झालेली झडप हलवण्यासाठी ईसीएम जास्त प्रवाह देतो, कॉइल तापते आणि कधी तिच्यात खरोखरच बिघाड होतो. मुळात यांत्रिक असलेला दोष असा विजेचा वेष घेतो. साफसफाई करताना स्प्रे मोटरच्या बाजूला उडवणारे उलटाच प्रकार करतात. द्रावण सेन्सरमध्ये उतरते आणि काजळीचा प्रश्न सुटताना विजेचा नवा उभा राहतो.

येणारे-जाणारे दोष जास्त वेळ खातात. व्हॉल्व्ह धुराड्याच्या नळीजवळ असल्याने तिथली वायर भाजते, आवरण तडकते आणि कंपनाने कंसाला घासून उघडी पडते. इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरींची जुडी) थोडी थोडी हलवत स्कॅनरवरचा आकडा पाहावा. तापल्यावरच येणाऱ्या दोषासाठी हीट गनने कपलर बेताने तापवावा. कपलरमधल्या मादी पिना सैल झालेल्या असल्या तर डोळ्यांना दिसत नाहीत. सुटी नर पिन घालून पकड जाणवते का ते पाहावे लागते. चाचणीची जाड सुई खुपसून त्या सैल करणारा माणूस बहुधा आधीचा तपासणाराच असतो.

तुटलेली वायर पीळ देऊन टेप गुंडाळणे या उष्णतेत टिकत नाही. क्रिम्प करून वर आकुंचन पावणारी नळी चढवावी आणि वायर मूळ मार्गानेच न्यावी. व्हॉल्व्ह बदलला असेल तर अनेक गाड्यांत त्याची मिटलेली स्थिती ईसीएमला स्कॅनरवरून नव्याने शिकवावी लागते, नाहीतर नव्या व्हॉल्व्हवरही पी ०४०४ परततो. सर्किटची तपासणी ईसीएम बहुतेक सतत करत असल्याने वायरीची दुरुस्ती फसली तर कोड थोड्या वेळात परत येतो. वाहाची चाचणी मात्र ठराविक तापमान, वेग आणि भार जुळल्यावरच होते, म्हणून ती पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर दिसेपर्यंत गाडी चालवून पाहावी लागते.