शाळा सुधारली असेल तर तिचं नाव पुढे पाठवा : स्वच्छ आणि हरित विद्यालय रेटिंगची अर्ज प्रक्रिया

२०१७ पासून इंदूर देशातलं सर्वात स्वच्छ शहर म्हणून ओळखलं जातं. इथली मुलं ओला कचरा कुठे, सुका कुठे हे घरातच शिकतात. तरीही गेल्या दोन-चार वर्षांत मनापासून सुधारलेल्या आपल्या कितीतरी शाळा पुरस्कारासाठी अर्जच करत नाहीत. कारण बहुतेक वेळा एकच असतं : अर्ज कोणी भरायचा, कुठे भरायचा हे पालकांना माहीत नसतं आणि मुख्याध्यापकांना इतर कामांतून सवड मिळत नाही. रामबाग, लोकमान्यनगर आणि राजवाड्याच्या आसपासच्या मराठी पालकांसाठी, माजी विद्यार्थ्यांसाठी आणि शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या कार्यकारिणीसाठी ही माहिती आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०१६ मध्ये स्वच्छ विद्यालय पुरस्कार सुरू केला. २०२१-२२ च्या फेरीत आठ लाखांहून अधिक शाळांनी प्रवेशिका भरल्या आणि त्यांतून ३९ शाळा राष्ट्रीय पुरस्कारासाठी निवडल्या गेल्या. त्यांतल्या २१ ग्रामीण भागातल्या होत्या. पैसेवाल्या शाळांचाच नंबर लागतो असं म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगा. जुलै २०२५ मध्ये मंत्रालयाने या योजनेला ‘स्वच्छ एवं हरित विद्यालय रेटिंग’ असं नवं रूप दिलं. आता सहा विषयांवर ६० प्रश्न असतात आणि शाळेला एक ते पाच तारे मिळतात.

पात्रतेची अट सोपी आहे. सरकारी, अनुदानित, खासगी, कुठल्याही माध्यमाची शाळा भाग घेऊ शकते. शाळेकडे युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मात्र हवा. हा ११ अंकी असतो आणि मध्य प्रदेशातल्या शाळांचा २३ ने सुरू होतो. वेगळं प्रवेश शुल्क नाही.

आता ‘नामांकन’ म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण गैरसमज इथेच होतो. पालकाला किंवा माजी विद्यार्थ्याला स्वतः शाळेचं नाव सुचवून अर्ज करता येत नाही. पहिली पायरी शाळेचीच असते. मुख्याध्यापक युडायस क्रमांक आणि मोबाईल नंबर वापरून या रेटिंगच्या पोर्टलवर नोंदणी करतात, ओटीपी येतो आणि प्रश्नावली उघडते. शाळेने भरलेलं हे स्वमूल्यांकन तपासल्यावर जिल्हा समिती चांगल्या शाळांची नावं राज्याकडे पाठवते आणि राज्य ती केंद्राकडे पाठवतं. खरं नामांकन ते.

मग पालकांनी काय करायचं? सरकारी आणि अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्याने शाला प्रबंधन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. समितीच्या बैठकीत हा विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. अर्जाची जबाबदारी एका शिक्षकाकडे आणि कागदपत्रांची एका पालकाकडे द्या. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती बंधनकारक नाही. तिथे पालक-शिक्षक संघामार्फत किंवा थेट संस्थेच्या कार्यकारिणीला लेखी विनंती करा. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्नावलीचे सहा विषय असे : पाणी, स्वच्छतागृहं, साबणाने हात धुणं, देखभाल-दुरुस्ती, सवयींमधला बदल आणि प्रशिक्षण, आणि मिशन लाइफ म्हणजे पर्यावरणाला धरून चालणारी जीवनशैली. पहिल्या तीन विषयांत बांधकाम आणि सोयी मोजल्या जातात. माझ्या मते शाळेचा कस लागतो तो देखभालीत. संडास बांधणं एका वर्षाचं काम, पण तो दररोज धुतला जातो का, कडी लागते का, नळ गळतो का, यावरच मुलगी शाळेत दिवसभर टिकते की दुपारी घरी जाते ते ठरतं.

स्वच्छतागृहांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मुला-मुलींची स्वच्छतागृहं वेगळी असणं ही शिक्षण हक्क कायद्याचीच अट आहे. दिव्यांग मुलांसाठी रॅम्प आणि धरायला दांडा असलेलं स्वच्छतागृह, मोठ्या मुलींच्या शाळेत सॅनिटरी पॅडची सोय आणि ते टाकायला झाकणाचा डबा किंवा ते जाळायचं यंत्र (इन्सिनरेटर), आतमध्ये पाणी आणि उजेड हे सगळं पाहिलं जातं. अर्ज भरण्याआधी दोन-तीन आयांनी मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन यावं असा माझा आग्रह आहे. मुली शिक्षकांना जे सांगत नाहीत ते आयांना सांगतात.

पाण्याच्या बाबतीत नुसता नळ दाखवून भागत नाही. टाकी शेवटची कधी धुतली, पाण्याची तपासणी झाली का, याची तारखेसह नोंद ठेवा. भागीरथपुऱ्यातलं दूषित पाण्याचं प्रकरण पाहिलेल्या इंदूरकरांना तपासणीचं महत्त्व वेगळं पटवायला नको. पावसाचं पाणी साठवण्याची सोय असेल तर तीही अर्जात दाखवा.

अर्जाला बसण्याआधी हे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा : युडायस प्लसवर (शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर) भरलेल्या माहितीची प्रत, समितीचे ठराव, पाणी तपासणीचा अहवाल, टाकी आणि स्वच्छतागृह सफाईची नोंदवही, दुरुस्तीची बिलं, शिक्षकांच्या किंवा मुलांच्या प्रशिक्षणाचे कागद, इको क्लबच्या कामाची आणि झाडं लावल्याची नोंद. पोर्टलवर फोटो अपलोड करावे लागतात. बाकी कागद पाहणी करणारा माणूस आला की कामी येतात.

युडायसची प्रत मुद्दाम आधी लिहिली. युडायस प्लसवर चार स्वच्छतागृहं आणि अर्जात सहा असं झालं तर शाळा खरी असूनही संशय येतो. वर्षभरात दोन नवीन बांधली असतील तर आधी युडायसची माहिती दुरुस्त करून घ्या, मग अर्ज भरा.

सुधारणा दाखवायची असेल तर आधीचे फोटो लागतात. शाळेत तुटका नळ, फुटकी फरशी, गळकी टाकी दिसली की दुरुस्तीपूर्वी फोटो काढा आणि काम झाल्यावर त्याच जागेवरून पुन्हा काढा. तारीख आणि ठिकाण फोटोत उमटेल असं मोबाईलमध्ये सेट करा. फक्त अर्जासाठी रंगवलेल्या भिंती पाहणाऱ्याला लगेच कळतात. वर्षभर भरलेली नोंदवही मात्र खोटी ठरवता येत नाही.

उत्तरं खरीच लिहा. २०२१-२२ च्या पद्धतीत ९० टक्के आणि त्यापुढे गुण मिळाले तर पाच तारे होते, ७५ ते ८९ ला चार, ५१ ते ७४ ला तीन. फुगवून मिळवलेले पाच तारे पाहणीत कमी झाले तर शाळेची मान खाली जाते. मुलांना स्वच्छता शिकवणाऱ्या शाळेने अर्जात खोटं लिहू नये, इतकं तर आपण पाळूच शकतो.

पुढचा प्रवास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून सुरू होतो. तिथून राज्य आणि मग केंद्र. राष्ट्रीय पातळीवर २०० पर्यंत शाळा निवडल्या जातात. शाळेला एक लाख रुपये मिळतात आणि मुख्याध्यापकांना अभ्यासदौऱ्याची संधी मिळते. २०२५-२६ च्या फेरीसाठी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर २०२५ ही मुदत जाहीर झाली होती, म्हणजे पावसाळ्याचे दिवस. म्हणून फाइल लावायचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच सुरू करावं.

अडलं तर सरकारी शाळांनी आपल्या जनशिक्षकांना किंवा जिल्हा शिक्षा केंद्रातल्या परियोजना समन्वयकांना विचारावं. हायस्कूल आणि हायर सेकंडरी शाळांनी संकुल प्राचार्य किंवा जिल्हा शिक्षा अधिकारी कार्यालय गाठावं. जाताना युडायस क्रमांक, समितीच्या ठरावाची प्रत आणि मुख्याध्यापकांचा पोर्टलवर नोंदवलेला मोबाईल नंबर सोबत न्या. मुख्याध्यापकांची बदली झाली असेल तर जुना नंबर बदलून घेण्याचं काम सर्वात आधी करा, कारण ओटीपी जुन्याच नंबरावर जात राहिला तर पोर्टल उघडणारच नाही.