एअर पिस्तूल आणि पॉइंट टू-टू: पोरांच्या हातात आधी काय द्यायचं

पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरला दोन ब्राँझ मिळाली तेव्हापासून पुण्यात जिथे जाईन तिथे दोन वाक्यं ऐकतोय. एक आई म्हणते, "पोरीला पिस्तूल शिकवायचंय पण लायसन्स कोण काढणार, आणि घरात बंदूक नको गं बाई". आणि शेजारचे बाबा म्हणतात, "एअर लहान मुलांसाठी असतं हो, आमच्याला डायरेक्ट टू-टूच शिकवा". दोघांचाही घोळ एकच आहे, दोन वेगळी हत्यारं एकाच डब्यात टाकलीयत: एअर म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, आणि टू-टू म्हणजे पॉइंट २२ बोअरचं, काडतुसाचं पिस्तूल. मनूची दोन्ही पदकं १० मीटर एअर पिस्तूलची, आणि तीच मनू त्याच ऑलिम्पिकमध्ये २५ मीटरवर टू-टू घेऊन उभी राहिली आणि चौथी आली. कोल्हापूरच्या राही सरनोबतचं २०१८ चं एशियन गेम्सचं गोल्ड मात्र टू-टूचंच. (आणि स्वप्नील कुसळे रायफलवाला आहे, प्लीज त्याला यात ओढू नका.)

एअर पिस्तूल आता बऱ्याच जणांना टीव्हीवर बघून माहितीये म्हणून पटकन सांगतो. ४.५ मिमीचं शिशाचं पेलेट, सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर उडतं, दारू नाही, झटका नावापुरता. एका हाताने धरायचं, मॅचला ६० शॉट, सव्वा तास. टू-टूमध्ये खरं काडतूस असतं, दारू असते, आवाज असा की कानाला प्रोटेक्शन लागतंच, झटका बसतो. ट्रिगर दाबायला एअरमध्ये किमान ५०० ग्रॅम जोर लागला पाहिजे, टू-टूमध्ये १००० ग्रॅम. आकडे इतके पुरे.

कायद्याचं पण थोडक्यात. नळीतून सुटताना पेलेटची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या, ४.५ मिमीच्या एअर पिस्तूलला शस्त्र परवाना लागत नाही. टू-टू हे फायरआर्म आहे, ते शस्त्र कायद्यात येतं आणि स्वतःच्या नावावर परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी पोरांनी शिकायचं ते प्रशिक्षणासाठीच्या तरतुदीखाली, क्लबच्या हत्यारावर, रेंजवर, कोच शेजारी उभा असताना. म्हणजे त्या आईच्या घरात टू-टू येणारच नाहीये. आणि "सेल्फ डिफेन्ससाठी शिकवतो" म्हणणाऱ्या पालकांना मी सरळ सांगतो, मग रेंजवर आणू नका, इथे आम्ही कागदावर भोकं पाडायला शिकवतो आणि बाकी काही शिकवत नाही.

आता खरी गोची. लोकांना वाटतं एअर म्हणजे सोपं आणि टू-टू म्हणजे त्याची पुढची यत्ता, पोरगं हुशार असेल तर एक यत्ता गाळली तर काय बिघडलं. आधी सोपं-अवघडचंच बघू. एअरला १० मीटरवर दहाचं वर्तुळ, म्हणजे टार्गेटच्या मधलं दहा गुणांचं, ११.५ मिमीचं असतं. टू-टूला २५ मीटरवर, प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरून मारायच्या) टार्गेटवर, ५० मिमीचं. तेच एअरचं दहा अडीच पट लांब नेलं तर ते साधारण २९ मिमीचं व्हायला हवं होतं, म्हणजे शूटरच्या डोळ्याला एअरचं दहा लहानच दिसतं. वर एअरचं पेलेट हळू जातं, नळीतून बाहेर पडायलाच त्याला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात मनगट हललं की संपलं. तेव्हा एअर पोरासोरांचं हे डोक्यातून काढून टाका.

पण माझं सगळ्यात मोठं भांडण झटक्यावरून आहे. नवशिक्या पोराला पहिल्याच आठवड्यात टू-टू दिलं की शरीर दोन गोष्टी शिकतं, मोठा आवाज येतो आणि हात वर उडतो. चौथ्या-पाचव्या शॉटपासून ते त्याची वाट बघायला लागतं. आवाज व्हायच्या आधीच डोळा मिटतो, मनगट खाली दाबलं जातं, बोट ट्रिगर दाबायच्या ऐवजी खेचतं, आणि उजव्या हाताच्या पोरांचे शॉट खाली डावीकडे जायला लागतात. पोराला हे कळतच नाही, कारण झटक्यात सगळं झाकलं जातं, त्याला वाटतं साईट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) बिघडलीय. कोच मग न सांगता मध्येच डमी काडतूस घालतो, पोरगं ट्रिगर ओढतं, आवाज होत नाही, आणि पिस्तूलचं तोंड एकदम खाली आपटतं. तेव्हा सगळ्यांना दिसतं. पण तोवर सवय हाडात गेलेली असते आणि ती काढायला महिनोन् महिने जातात, काही जणांची जातच नाही.

एअरमध्ये झाकायला काही नाही. फ्रंट साईट, म्हणजे नळीच्या टोकाकडची खूण, शॉटच्या क्षणी कुठे होती हे पोराला स्वतःलाच दिसतं. परत एअर पिस्तुलात ड्राय फायरची सोय असते, म्हणजे पेलेट नाही, हवा नाही, फक्त ट्रिगर. घरात कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, मोठं माणूस शेजारी असताना, रोज सराव होतो. टू-टू घरी नेता येत नाही, आणि रिकामं सारखं आपटलं तर बऱ्याच मॉडेलची फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर बसून नुकसान करते. सराव कुठे जास्त होणार ते तुम्हीच बघा.

मग टू-टू कधी? स्कोअर बघून नाही, वय बघून तर नाहीच. मी एकच गोष्ट बघतो, पोरगं शॉट सोडून देतं का. पिस्तूल टार्गेटच्या वर उचललं, श्वास सोडत खाली आणलं, साईट थरथरायला लागली, सात-आठ सेकंद गेले, आता हा शॉट घ्यायचा नाही असं ठरवून बोट ट्रिगरवरून काढून पिस्तूल टेबलावर ठेवलं, दोन श्वास घेतले, परत उचललं. बालेवाडीच्या रेंजवर संध्याकाळी उभं राहा, नव्या पोरांमध्ये हे करणारी फार थोडी दिसतील. बाकीची लांबत गेलेला शॉट मारूनच टाकतात, हात दुखतोय म्हणून, मागे बाबा बघतायत म्हणून. जे पोरगं मॅचमध्ये, वेळ संपत आलेली असताना, न मारता पिस्तूल खाली ठेवू शकतं त्याच्या हातात मी टू-टू द्यायला तयार आहे, मग ते पंधराचं असो की अठराचं. बाकीच्यांना नाही, मग स्टेटला मेडल असलं तरी.

सुरुवात बारा-तेराच्या पुढे केलेली बरी. एअर पिस्तूल किलोभर असतं आणि एका हाताने ताणून धरायचं असतं, त्याआधी खांदा तयार नसतो, पोरं कमरेतून मागे वाकतात आणि पाठ धरते. आधी खांद्याचे व्यायाम, मग आधारावर ठेवून ट्रिगर, मग कोऱ्या कागदावर ग्रुपिंग (सगळी भोकं एकाच जागी जवळजवळ पाडणं), काळं टार्गेट शेवटी. पालक पहिल्याच दिवशी "किती स्कोअर झाला" विचारतात, ते बंद करा, कोऱ्या कागदाला स्कोअर नसतो.

आणि एअर आहे म्हणून ढिलाई नको. एअर पिस्तुलाने डोळा जातो. पिस्तूलचं तोंड कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, खाली ठेवलं की नळीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं आहे हे दाखवणारी खूण), कोणी पुढे गेलं तर हाताला हत्यार लागायचं नाही. पेलेट शिशाचं असतं, साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, लेनवर तर खाणं नाहीच. आणि ते इन्स्टासाठी दोन्ही हातांत पिस्तूल धरून कॅमेऱ्यावर नेम, हे आईवडीलच काढायला लावतात, मी बघितलंय. असला फोटो निघाला की माझ्या लेनवर ते पोरगं त्या दिवशी पिस्तुलाला हात लावत नाही, बाजूला बसून दुसऱ्यांचे शॉट वहीत लिहितं.