तात्पुरता ई-मेल, टोकन आणि मोबाइल क्रमांक : पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर परिसरातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परप्रांतात गेलेल्यांचा पैसा पूर्वी मनीऑर्डरने गावी येत असे. पोस्टमन दारात रक्कम मोजून देई, त्यामुळे कोणाच्या घरी किती आले हे गल्लीला कळे. पण ती माहिती गल्लीबाहेर फारशी जात नसे. यूपीआयने आलेल्या रकमेचा शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही, मात्र तिची नोंद बँकेकडे आणि ॲपकडे राहते. ऑनलाइन खासगीपणाचा प्रश्न या दूरच्या नोंदींचा आहे आणि त्यावरचे उपाय दोन वेगळ्या वाटांनी आले.

पहिली वाट ई-मेलची. अमेरिकी अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये दोन संगणकांमध्ये जाळ्यावरून संदेश पाठवला, तेव्हा हे जाळे वापरणारे संशोधक मोजकेच होते आणि पत्ता लपवण्याचे कोणालाही कारण नव्हते. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. तोच पहिला स्पॅम, म्हणजे न मागता आलेली जाहिरातबाजी, मानला जातो. पुढे १९९६ मध्ये हॉटमेलसारखी मोफत सेवा आली, संकेतस्थळे नोंदणीसाठी पत्ता मागू लागली आणि पत्त्यांच्या याद्याच विकाऊ झाल्या. त्यावर २००३ मध्ये मेलिनेटर ही तात्पुरत्या पत्त्यांची सेवा निघाली. मनात येईल ते नाव द्यावे, त्या नावाची पेटी तयारच असते. परंतु ते नाव ज्याला ठाऊक असेल त्यालाही ती उघडता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ॲपलने २०१९ मध्ये आणि फायरफॉक्सने २०२० मध्ये आणलेली सोय निराळी आहे : दुकानदाराला पर्यायी पत्ता मिळतो, टपाल मात्र खऱ्या पेटीत येते आणि त्रास झाल्यास तेवढाच पत्ता बंद करता येतो. खरेदीसाठी हा दुसरा प्रकारच योग्य, कारण बिल, परतावा आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा त्याच पत्त्यावर येतो. बँकेच्या खात्याला तर तात्पुरता पत्ता कधीच जोडू नये.

दुसरी वाट पैशाची. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये अशी गणिती पद्धत मांडली की, बँकेने डिजिटल नोटेचा क्रमांक न पाहताच तिच्यावर सही करावी. म्हणजे नोट खरी आहे हे बँकेला कळेल, ती कोणी खर्च केली हे कळणार नाही. त्यावर उभी राहिलेली त्यांची डिजिकॅश कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली, तोवर ऑनलाइन खरेदीत कार्डाने बस्तान बसवले होते. त्यानंतरच्या प्रमुख उपायांनी बँकेपासून काही लपवले नाही, फक्त दुकानदारापासून लपवले, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत २००० च्या सुमारास एका खरेदीपुरते कार्ड क्रमांक मिळू लागले. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली, जानेवारी २०१९ मध्ये टोकनला, म्हणजे कार्ड क्रमांकाऐवजी वापरायच्या पर्यायी क्रमांकाला, परवानगी दिली आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली.

एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयच्या रचनेतही हाच विचार होता : खाते क्रमांक न सांगता केवळ आयडीवर पैसे घेता यावेत. प्रत्यक्षात अनेक ॲपनी ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच आयडीत घातला, आणि बँक, आधार व ओटीपी यांना जोडलेला तो क्रमांकच आपल्याकडे माणसाचा खरा पत्ता ठरला. सांगलीच्या गणपती पेठेत किराणा घेताना स्कॅन करणाऱ्याला किंवा साताऱ्याचे कंदी पेढे ऑनलाइन मागवणाऱ्याला तात्पुरत्या ई-मेलचा उपयोग म्हणूनच मर्यादित आहे. पेढे घरपोच हवेत तर क्रमांक आणि घराचा पत्ता द्यावाच लागतो. त्यापेक्षा ज्या ॲपमध्ये सोय आहे तेथे मोबाइल क्रमांक नसलेला आयडी निवडणे अधिक उपयोगाचे ठरते.

कायदा या साऱ्याच्या मागून आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य बंधने मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत.