रेझ्युमे बॉट रिजेक्ट करतो म्हणे, खरं काय ते सांगतो

पहिली इंटर्नशिप शोधायला लागलं की कोणीतरी सांगतंच, ७५ टक्के रेझ्युमे एटीएस नावाचं, कंपन्या अर्ज हाताळायला वापरतात ते सॉफ्टवेअर माणसाने बघायच्या आधीच उडवतं, म्हणून जाहिरातीतले कीवर्ड रेझ्युमेत कोंबा. या आकड्याला कुठल्याही अभ्यासाचा आधार नाही. ग्रीनहाउस, लिव्हर असली एटीएस सॉफ्टवेअर्स मुळात अर्ज साठवायला, शोधायला आणि पुढच्या राउंडला सरकवायला असतात. आपोआप नकार येतो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे, म्हणजे पासआउट कधी होणार, त्या देशात काम करायची परवानगी आहे का वगैरे, तिथे घाईत चुकीचं वर्ष पडलं तर रेझ्युमे कितीही भारी असू दे, उपयोग शून्य.

दोन कॉलमचं लेआउट मात्र खरंच त्रास देऊ शकतं. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, प्रोजेक्टच्या ओळीत मधेच कॉलेजचं नाव घुसलेलं दिसलं तर सरळ एकाच कॉलमचं करा. पांढऱ्या अक्षरात लपवलेले कीवर्डही तिथे लख्ख दिसतात, तो उद्योग नकोच.

मला खरं वाईट याचं वाटतं की पोरं रात्र रात्र जागून रेझ्युमेला मार्क देणाऱ्या साइट्सवर स्कोअर वाढवत बसतात आणि तोवर शेकडो अर्ज पुढे गेलेले असतात, वाचणारा माणूस तेवढा खाली पोचतच नाही.