वितरक की सल्लागार? निवृत्तीनंतर पाटी लावण्यापूर्वी

माझ्याबरोबर बँकेतून निवृत्त झालेल्या एका मित्राने सांगलीत विश्रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडले आणि फाटकावर ‘गुंतवणूक सल्लागार’ अशी पाटी लावली. त्याच्याकडे नोंदणी होती ती म्युच्युअल फंड वितरकाची, त्यामुळे आठवडाभरातच ‘सल्लागार’ हा शब्द पुसून ती पाटी नव्याने रंगवून घ्यावी लागली. बोलण्यात हे दोन्ही शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, परंतु सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाच्या नियमांत ते दोन निराळे व्यवसाय आहेत, आणि त्यांतला खरा फरक आपल्या कामाचे पैसे कोण देतो यात आहे.

वसंतदादा मार्केट यार्डातला अडत्या डोळ्यांपुढे आणला, की वितरकाचे काम लक्षात येते: माल दुसऱ्याचा, विक्री आपण घडवून आणायची आणि त्यावर अडत घ्यायची. सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची ‘पाच-अ’ परीक्षा उत्तीर्ण होऊन अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन हा नोंदणी क्रमांक मिळाला, की हे काम सुरू करता येते. ग्राहक वेगळे पैसे देत नाही. त्याची गुंतवणूक टिकून असेपर्यंत फंड कंपनी त्या रकमेवर दलाली देत राहते. आरंभीच एकरकमी मिळणारी दलाली सेबीने २०१८ मध्ये जवळजवळ बंद केली, आणि निवृत्तांचा हिशेब चुकतो तो येथेच. समजा, पन्नास कुटुंबांनी प्रत्येकी दोन लाख रुपये गुंतवले आणि दलालीचा दर वर्षाला पाऊण टक्का धरला, तर एक कोटीवर वर्षाचे ७५,००० म्हणजे महिन्याला ६,२५० रुपये होतात, आणि पन्नास कुटुंबे जमवण्यातच एक-दोन वर्षे सहज जातात.

सल्लागार मात्र वकिलाप्रमाणे थेट अशिलाकडून शुल्क घेतो. त्याची नोंदणी सेबीच्या २०१३ च्या नियमावलीनुसार होते, ‘दहा-अ’ आणि ‘दहा-ब’ या परीक्षा द्याव्या लागतात आणि ग्राहकसंख्येनुसार ठेव ठेवावी लागते. दीडशे ग्राहकांपर्यंत ती एक लाख रुपये आहे. तो दलालीविना असलेल्या ‘डायरेक्ट’ योजना सुचवतो. वैयक्तिक सल्लागाराला वितरण करता येत नाही, इतकेच नव्हे, तर पतीने सल्ला द्यायचा आणि त्याच ग्राहकाला पत्नीच्या एआरएनवर फंड विकायचा, ही वाटही बंद आहे.

ग्राहकाला हा फरक ठाऊक नसतो. “साहेब, तुम्ही म्हणाल तिथं ठेवतो,” असे म्हणून ओळखीतला शिक्षक भविष्यनिर्वाह निधीचा धनादेश टेबलावर ठेवतो, तेव्हा आपला मोबदला त्याच्याच गुंतवणुकीतून येणार आहे, हे वितरकाने त्याला अर्ज भरण्यापूर्वी आकड्यासह सांगितलेच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. दलाली जाहीर करणे हा नियमच आहे. पण छापील तक्ता पुढे सरकवणे आणि “तुमच्या दहा लाखांवर मला वर्षाला साडेसात हजार मिळतील” असे तोंडाने सांगणे, यांत फार अंतर आहे. माझ्या मित्राने हे वाक्य पहिल्यांदा उच्चारले, तेव्हा समोरचे गुरुजी क्षणभर थांबले, त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि मग चष्मा लावून अर्ज वाचायला घेतला.