वयाचा दोष किती, बसण्याचा किती?

धाप लागली, पाय जड झाले, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले, की आपण "आता वय झालं" म्हणून मोकळे होतो. पण यात वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती? याचा हिशोब मांडणारा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. जोरकस श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं, ते आधीच मोजलेलं होतं. तीन आठवड्यांत ती क्षमता पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासणीला आले, पन्नाशीचे आणि वजन वाढलेले. मापं घेतली, तर तीन आठवड्यांच्या झोपण्याने झालेली घट तीस वर्षांच्या घटीपेक्षा मोठी निघाली!

मग सहा महिने चालणं, हळू धावणं, सायकल असा व्यायाम बेताबेताने वाढवत नेला. क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परतली. तरुणपणी, अंथरुणातून उठल्यावर कसून सराव करून क्षमतेने गाठलेली उंची मात्र एकालाही गाठता आली नाही. वय आपला वाटा घेतंच.

हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची कमाल ताकद या सहा महिन्यांत फारशी वाढली नव्हती. स्नायू मात्र आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन शोषून घेऊ लागले होते. स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या इवल्याशा भट्ट्या असतात, ऑक्सिजन खर्ची पडतो तो तिथे. बैठ्या आयुष्यात त्या रोडावतात, नियमित मेहनतीने वाढतात. व्यायामाने गुणसूत्रांच्या टोकांवरची, वयाबरोबर झिजणारी टोपणं, म्हणजे टेलोमिअर, शाबूत राहतात असंही म्हणतात. तो पुरावा अजून कच्चा आहे. स्नायूंचा भक्कम आहे.

आणि उशीर झाला म्हणावं, तर १९९० साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग आहे. वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त आजी-आजोबांना, सरासरी वय नव्वद, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत जवळजवळ एक तृतीयांश ताकद ओसरली.